ताईकडे बघा

निरांजनाची ज्योत प्रतापरावांच्या चेहऱ्याभोवती फिरत होती, आणि निर्मलाताईंना मात्र त्या उजेडात भावाच्या जागी दुकानातली भामाच दिसत होती... तूप ताम्हणात सांडलं.

"वन्सं, सावकाश!" प्रतापरावांची बायको मनीषा म्हणाली.

प्रतापरावांनी हसत ताम्हणाशेजारी गद्वाल साडी ठेवली. "या भाऊबीजेला कुरकुर नको हं, ताई. रंग मी स्वतः उन्हात नेऊन बघितलाय."

निर्मलाताईंनी साडी उचलून बाजूला ठेवली. "साडी नको, प्रताप. पगार दे."

"कुणाला?"

"मला."

"हौ, देतो की! पीएफ पण कापू?" प्रतापराव मोठ्याने हसले. मग बहिणीच्या डोळ्यांत पाहून त्यांचं हसू ओसरलं.

वडील गेले तेव्हा प्रताप दहावीत होता. ताईंनी ठरत आलेलं लग्न मोडलं आणि सुलतान बाजारातल्या वडिलांच्या ब्लाउजपीसच्या दुकानात त्या उभ्या राहिल्या, त्या आजपर्यंत! एक रुपया कधी घेतला नाही. तीच त्यांची तपश्चर्या होती, तोच अभिमान होता...

आणि भामा? दुकानातली सगळ्यांत पारखी नजर तिची. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा पडतो, म्हणून गिऱ्हाइकाची साडी आणि कापडाचा तुकडा घेऊन ती दारात जायची, दोन्ही तिरपे धरून न्याहाळायची. उगादीला तिने पगारवाढ मागितली. प्रतापराव सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईकडे बघा. सकाळपासून उभी असते, काही मागते का? अरे, आपण सगळी घरचीच!" भामाने ताईंकडे पाहिलं होतं, आशेने पाहिलं होतं, आणि त्या क्षणी ताईंची मान अभिमानाने ताठ झाली होती...

मग भामा दुकान सुटल्यावर एका फंक्शन हॉलमध्ये भांडी घासायला जाऊ लागली. ताप आला, तो तिने खाडा पडेल म्हणून अंगावरच काढला. श्रावणात फोनवर निरोप आला, तोही ती गेल्याचा! तेलुगू लोकांत श्रावणातही लग्नं होतात, त्या लग्नसराईची गर्दी होती. दुकानातून कुणीच गेलं नाही.

तेव्हापासून दुकानाच्या दारात कुणीतरी उभं असायचं. उन्हाची तिरीप आहे, टांगलेल्या कापडाची सावली आहे, असं ताई स्वतःला बजावत. पण सावली मान तिरपी करून रंग कशी न्याहाळेल?

आणि काल दिवाळीच्या पाडव्याला दुकानातली नवी मुलगी, राणी, चाचरत म्हणाली होती, "सेठ, किराया बढ गया. पगार थोडा बढाओ ना." प्रतापरावांनी पुन्हा तेच वाक्य उच्चारलं, आणि राणीने वळून ताईंकडे पाहिलं. तीच नजर... अगदी तीच!

"तुला काय कमी केलं मी, ताई?" प्रतापरावांचा आवाज फुटला. "घराच्या किल्ल्या तुझ्या कमरेला. तू काय नोकर आहेस माझी?"

"भामाही घरचीच होती ना रे?"

"तिचं मरण माझ्या माथी मारतेस? दसऱ्याला साडी देतो, अडीनडीला उचल देतो. बाजारात कोण जास्त देतंय, सांग! आज राणीला वाढवलं की उद्या सगळ्या हात पसरतील."

"म्हणून तर मी पहिली पसरतेय."

"लोक थुंकतील माझ्यावर! सख्खी बहीण पगार घेते म्हणून!"

"माझ्यावर थुंकू देत. म्हातारपणी पैशाला हपापली, म्हणू देत. पण यापुढे माझ्याकडे बोट दाखवून तुला कुणाला नाही म्हणता येणार नाही." ताईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "मी ते सगळं तुला दिलं होतं, प्रताप. मनापासून दिलं होतं. तू ते या पोरींकडून वसूल केलंस!"

मनीषाने पदर तोंडाला लावला. प्रतापरावांनी ताईंचा हात ओढून आपल्या कपाळाला लावला, वडिलांच्या चितेपाशी धरला होता तितकाच घट्ट.

"देतो," ते कसेबसे म्हणाले. "तुला देतो, राणीला देतो... सगळ्यांना देतो. ताई, मला खरंच दिसलं नाही गं!"

"मलाही नाही दिसलं, बाळा..."

दोघं रडली. मग प्रतापराव एकदम उठले, पायांत चपला सरकवू लागले. "चल, भामाच्या घरी जाऊन येऊ. आत्ताच. कुठं राहायची ती?"

"नारायणगुड्याच्या पुढं..." ताई बोलता बोलता थांबल्या. नाही, ते राणीचं. भामा कुठल्या बसने यायची? कुठल्या दिशेने जायची? इतकी वर्षं कोपराला कोपर लावून उभं राहिल्यावरही काहीच आठवेना, कारण कधी विचारलंच नव्हतं! त्यांनी मनीषाकडे पाहिलं. मनीषाने नवऱ्याकडे पाहिलं.

चिक्कडपल्लीच्या आपल्या घरात तिघंही उंबऱ्याशी तशीच उभी राहिली. घरच्या माणसाचं घर तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.