वेंगुर्ल्याच्या वेळेची जास्वंद

मंगळावरच्या वसाहतीत सगळे दुपारच्या जेवणाला बसले होते आणि हरितगृहातली जास्वंद उमलत होती. हेमांगी कुडतरकर नुकतीच झोपून उठली होती. चहाचा पेला घेऊन ती कुंडीपुढे बसली. वेंगुर्ल्यात आता उजाडलं असेल. तिचे वडील, अप्पा, फुलं काढायला अंगणात आले असतील.

“भर दुपारी सुप्रभात, ताई!” सजीवांच्या आतल्या घड्याळांचा अभ्यास करणारा कालजीवशास्त्रज्ञ मुजावर आत येत म्हणाला. “डॉक्टर माझ्यावर डाफरतायत. तुम्हाला सगळ्यांबरोबर उठवा म्हणतात.”

“मग झाडाला कुलूप घातलंतच कशाला?”

“तुम्ही माझा जीव खाल्लात म्हणून!”

घरच्या जास्वंदीची फांदी तिनं इथं रुजवली, तेव्हा त्यानं समजावलं होतं, “पेशीपेशीत घड्याळ असतं, पण झाड ते रोज उजेडाशी जुळवून घेतं. थोड्याच दिवसांत ही मंगळाची होईल. लयकुलूप लावलं, तर मात्र उजेडाला विचारणार नाही. घरच्याच वेळेला फुलेल. इथला दिवस चाळीस मिनिटांनी मोठा, म्हणजे इथल्या घड्याळात रोज तेवढी आधी.”

“लावा,” ती म्हणाली होती. “अप्पांना कळवू नका, रागावतील.”

तेव्हापासून ती झाडाबरोबर उठायची. जेवायला एकटी, कामाला एकटी. घरचा संदेश आठवड्यातून एकदाच येई, आणि त्यात अप्पा “सगळं बरं आहे गो, बाय” यापलीकडे बोलत नसत. पहाट तेवढी दोघांची एक होती.

आज संदेश आला होता. पडद्यावर अप्पा अंघोळ करून, गंध लावून बसले होते, आणि मागं मिट्ट काळोख. त्या काळोखात दिव्याखाली जास्वंद फुललेली.

“बाय, मुजावरांनी सांगितलं सगळं. तू माझ्या वेळेनं उठतेस म्हणे! अगो, मी तुझ्या वेळेनं उठतो. माझ्या झाडालाही मंगळाचं कुलूप आहे. तुझी पहाट झाली की ते फुलतं आणि मी चहा ठेवतो. आता तुझं कुलूप काढ. मला कुठं कामावर जायचंय? तुला तिथं राहायचंय.”

हेमांगीनं मुजावरकडे पाहिलं. त्यानं कान पकडले.

“पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतून लावून दिलं. दोघांनीही सांगू नका म्हणून बजावलेलं! पण काल राहवेना.”

म्हणजे तिनं इतके दिवस मनात अंगणात पाहिलेले अप्पा तेव्हा कधी जेवत होते, कधी घोरत होते.

“त्यांचं काढा,” ती म्हणाली. “या वयात रात्रीबेरात्री…”

“विचारलं. झाडाला हात लावू देत नाहीत.”

ती आपल्या कुंडीकडे वळली.

“काढलं तर फुलायची थांबेल?”

“थोडे दिवस गोंधळेल. मग इथली होईल.”

‘इथली’ हा शब्द तिला लागला. तरी ती म्हणाली, “काढा.”

जास्वंद गोंधळली, तिनं कळ्या गाळल्या. मग एकदा वसाहतीतले दिवे उजळताना ती फुलली, आणि हेमांगीला सगळ्यांबरोबर जाग आली. वेंगुर्ल्यात अजून रात्र सरायची होती. अप्पा उठले होते.