ब्याऐंशी टक्के

"पद्माबाईच्या घरात तिन्हीसांजंला कोणतरी पोरीला हाका मा..."

मी गिरणीत पाय टाकला आणि रंगुबाई गप्प झाली.

"कोण हाका मारतंय गं?" डबा खाली ठेवत मी विचारलं.

"काय न्हाई. तुझं दळण बारीक का जाडं?"

गल्लीतली कुठलीही गोष्ट आधी माझ्याकडं यायची. हीच तेवढी माझ्यापासून लपवली, म्हणून मनाला जास्त लागली.

पद्माताई माझी शेजारीण. श्रावणात गेली. लेक ओवी जर्मनीत, किल्ली माझ्याकडं. बंद घरात अंधार नको म्हणून रोज दिवेलागणीला मी देवापुढं दिवा लावायची आणि मग माडीवर जाऊन एक आकडा बघायची.

माडीवर ओवीनं सर्व्हर बसवला होता. बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा, सतत घुं करणारा. गल्लीत चोरी झाल्यापासून ओसरीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यात साठत होतं. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. पद्माताई असताना रोज त्याच्यापुढं बसून माइकमध्ये लेकीसाठी बोलून ठेवायची. आमटीत चिंच किती घालायची, इथपासून माझ्या चहाड्यांपर्यंत.

"मावशी, जागा भरली की तो सगळ्यात जुनं आपोआप पुसतो," ओवीनं बजावलं होतं. "आणि सगळ्यात जुना आईचा आवाज आहे. दुसरीकडं कुठंच नाही. आकडा मला तिथून दिसत नाही. नव्वद टक्के झाले की सांगा, कुठली तार काढायची ते मी सांगते. नाताळात येतेच मी."

आदल्या दिवशी आकडा ब्याऐंशी होता.

गिरणीतून आले त्या संध्याकाळी कुलूप काढलं. बाहेर कारखान्याच्या मळीचा वास, आणि आत जिन्यावरून माक्याच्या तेलाचा. पद्माताईच्या केसांचा. वरची घुं चालू होती... आणि मधेच थांबली. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतं ना, तशी.

मी दार ओढून घेतलं. दिवा बाहेर उंबऱ्यावरच ठेवला. तेवढ्यात ओवीचा फोन.

"आज किती, मावशी?"

"ब्याऐंशी गं बाई."

चार संध्याकाळी असंच केलं. जन्मभर न बोलावता लोकांच्या घरात डोकावले, आणि जिथं डोकावायचं काम विश्वासानं दिलं होतं, तिथं उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

"चार दिवस ब्याऐंशीच कसं?" चौथ्या दिवशी ओवी म्हणाली.

"आता मशीनचं मला काय कळतंय! ब्याऐंशी गं बाई."

पुढं ती निघायच्या गडबडीत होती. फोन आला नाही, मीही फिरकले नाही.

ओवी आली तेव्हा आकडा लाल झाला होता. शंभर. आईच्या नावाचा कप्पा तिनं उघडला. सगळं पुसलेलं. आवाजाला जागा ती किती लागते, एका दमात गेला असेल.

"तुम्ही रोज बघत होता ना, मावशी?"

मी खरं ते सांगितलं. ती रडली असती, बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं तो कप्पा पुन्हा पार तळापर्यंत सरकवून बघितला.

"मग हे काय?"

कप्प्याच्या तळाशी चार रेकॉर्डिंग होती. त्याच चार तारखा, दिवेलागणीची वेळ.

"इथं तर माइकच नाही," ती हळू म्हणाली. "आई गेल्यावर मीच काढून नेला..."

तिनं पहिलं लावलं. घुं... आणि मग पद्माताई, दमल्यासारखी. "मंगल... वर ये गं."

दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच.

रंगुबाईचं निम्मंच खरं निघालं. हाका होत्या, पण लेकीला नव्हत्या. मला होत्या.

ओवीनं माझा हात धरला. का, ते मला अजून कळलेलं नाही. रागानं धरला असता तरी चाललं असतं.

चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये हाक नव्हती. जिन्याच्या फळ्या करकरल्या. एक... एक... खाली येत. मग बंद दारापलीकडून माझाच आवाज आला.

"...ब्याऐंशी गं बाई."

आणि दाराच्या अगदी जवळून, आतल्या बाजूनं, समजावल्यासारखं...

"चौऱ्याण्णव, मंगल. अजून वेळ आहे."