चाळीस मिनिटांची खरेदी

समुद्रतळावरच्या ‘वरुणी’ प्रयोगशाळेतला पंप कुरकुरू लागल्याचा निरोप रत्नागिरीच्या कार्यालयात आला, आणि खरेदी अधिकारी ज्योत्स्ना तारीने नेहमीप्रमाणे छोट्या खरेदीचा आदेश काढायला घेतला. काम चाळीस मिनिटांचं होतं, खर्च लाखाच्या आतला. एवढ्या लहान सेवेला निविदा लागत नसे आणि मजूर कायद्याच्या वेतनदराच्या, तासांच्या, विश्रांतीच्या अटीही लागत नसत. कुलूप दुरुस्त करायला माणूस बोलवायचा तर पंधरा कलमं कशाला, असा त्या सवलतीमागचा साधा विचार होता. ज्योत्स्नाने ती सवलत इतक्या हुशारीने वापरली होती की वर्षभरात ‘वरुणी’ एक दिवसही बंद पडली नव्हती.

तेवढ्यात डॉ. फरझाना मुकादम आत आल्या. पाणबुड्यांच्या प्रकृतीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. सकाळच्या बोटीने त्या समुद्रातल्या तरंगत्या तळावरून थेट इथे आल्या होत्या.

“सही करू नका, ज्योत्स्नाताई. खाली कोण जाणार, ठाऊक आहे?”

“कंत्राटदार पाठवतो कोणालातरी.”

“कोणालातरी नाही. दर वेळी कुबलच. सात आठवडे झाले, तो माणूस मोकळ्या हवेत आलेला नाही.”

ज्योत्स्नाला हे पटेना. “माझे आदेश तर निरनिराळ्या कामांचे आहेत. व्हॉल्व्ह, केबल, दिवे. एकच काम तोडून तुकडे केलेले नाहीत.”

“आदेशात खोट नाहीच. खोट शरीरात आहे.” फरझाना समोर बसल्या. “सोड्याची बाटली झटकन उघडली की काय होतं? पाणबुडे श्वासात घेतात तो आपला शीघ्रवायू तसाच. त्याच्या जोरावर माणूस अर्ध्या तासात दोनशे मीटर खाली जातो. पण काही मिनिटांतच तो वायू रक्तात, सांध्यांत, हाडांत काठोकाठ भरतो. त्यानंतर खाली तासभर राहा की महिना, आणखी काही भरत नाही. मात्र बाहेर यायला दर वेळी नऊच दिवस. दाबघरात बसून दाब हळूहळू उतरवायचा. घाई केली तर रक्त फेसाळतं.”

“म्हणजे नवा माणूस पाठवला की त्याचे नऊ दिवस दाबघर अडणार.”

“आणि कुबल तर आधीच भरलेला. त्याचाच दाब परत वाढवून त्याला खाली सोडणं सर्वांत स्वस्त. तो तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत येतो, तुमचा पुढचा आदेश निघतो, नऊ दिवस पुन्हा पहिल्यापासून. आता त्याच्या खांद्याचं हाड मरायला लागलंय.”

ज्योत्स्नाने तरंगत्या तळावरच्या दाबघराशी संपर्क जोडून मागितला. पडद्यावर दाढी वाढलेला, चाळिशीचा माणूस दिसला. त्या वायूत आवाज चिरका होतो. यंत्र तो सरळ करून ऐकवत होतं.

“कुबल, मी खरेदी शाखेतून तारी बोलतेय. तुम्ही ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“नाय म्हटलंय की, बाईनू. कंत्राटदार म्हणता, काम तर चाळीस मिनिटांचा, बाकीचो तुझो आराम.” तो हसला. “पण आरामात दार आतून उघडना नाय.”

आपल्या कार्यक्षमतेची ही दुसरी बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती. मग तिने अर्धवट आदेश रद्द केला. ज्या खोलीतून माणूस कामामुळेच बाहेर पडू शकत नाही, तिथला वेळ कामाचाच. म्हणजे ही सेवा चाळीस मिनिटांची नसून नऊ दिवस आणि नऊ रात्रींची. कायद्याच्या दराने ती लाखात बसेना. म्हणजे ती छोटी खरेदी नव्हतीच, आणि सगळा मजूर कायदा तिला लागू होता. तिने तसा शेरा लिहिला, कुबलचे नऊ दिवस मध्ये न तोडता त्याला बाहेर काढायला सांगितलं आणि कामासाठी दोन नवे पाणबुडे रीतसर ठरवले.

संचालक वैतागले. “मोठी खरेदी म्हटलं की कामाच्या जागेची प्रत्यक्ष पाहणी आली. ती कोण करणार?”

“खरेदी अधिकाऱ्याने करायची असते, सर. मी जाते.”

फरझानांनी तिची तपासणी केली, धोके समजावले आणि चौथ्या दिवशी दोरावरच्या बंद पाळण्यातून तिला नव्या पाणबुड्यांबरोबर खाली सोडलं. पाहणी तासाभरात उरकली, पंपही चालू झाला. मग तिघं वर तळावरच्या दुसऱ्या दाबघरात आली. भिंतीला टेकून बसलं तरी सांधे ठणकत होते. रात्री झोप येईना. दाबघरातल्या सहाव्या दिवशी जाड काचेपलीकडून एक माणूस चालत गेला, थांबला आणि त्याने हात जोडले. दाढी काढल्यामुळे कुबल तिला क्षणभर ओळखूच आला नाही. एक खांदा जरा वाकडा होता, पण तो घरी निघाला होता.

त्याच संध्याकाळी संचालकांचा फोन आला. आवाज अगदी गोड होता.

“तारीबाई, पश्चिमेकडच्या केबलचीही पाहणी लागणार आहे. तुम्ही आत आहातच, तर जाता जाता तेवढं करून टाका. अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या कोणाला पाठवायचं म्हणजे पुन्हा त्याचे नऊ दिवस.”

ज्योत्स्नाने हिशेब करून पाहिला. त्यात कुठेच चूक नव्हती. तो माणूस दुष्टही नव्हता. महिन्यापूर्वी तिनेही हेच सुचवलं असतं, तेही अभिमानाने.

“नाही, सर,” ती म्हणाली. “मी नोकरीत आहे, मला विश्रांतीचा हक्क आहे. मी बाहेर येणार.”

“मग एवढ्याशा कामाला नवा माणूस?”

“नवा माणूस, पूर्ण पगार, नऊ दिवस. इतक्या खोलवर एवढंसं काम नसतंच, सर. मी ते आत बसून शिकतेय.”

पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. मग संचालकांनी विचारलं, “शेरा कसा लिहायचा, सांगा.”

ती सावरून बसली आणि सांगू लागली.