पाठीवरचं पाणी

"माह्या पोराले देवानंदनं मारलं. तुमी फक्त सिद्ध करून द्या."

तेल्हाऱ्याचे नत्थुजी अकोल्यात खासगी गुप्तहेर रागिणीच्या ऑफिसात उभ्यानंच बोलले. त्यांचा योगेश राजस्थानच्या वाळवंटात, मोटारसायकलींच्या रॅलीत गेला होता. पडला नाही, आपटला नाही. गाडी थांबवून वाळूत आडवा झाला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. डॉक्टर विष म्हणाले. पाठीवरच्या पिण्याच्या पिशवीतलं पाणी मात्र तपासणीत निर्मळ निघालं.

"संग जाऊन खाऊ-पिऊ घालनारा देवानंदच होता," नत्थुजी म्हणाले.

रागिणीचा कामातला जोडीदार नितेश याला गुन्हेगार तिथंच सापडला.

अमरावतीच्या गॅरेजात मेकॅनिक देवानंद डोळे सुजवून बसला होता. पोलीस त्याला आज ना उद्या उचलणार होते.

"भांडण झालं होतं ना तुमचं?" नितेश डाफरला.

"भांडण त रोजचंच, साहेब. दोस्त होता माहा." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "पिशवी मीच भरली. तोंड उघडं होतं, तसेच दोन घोट मी बी पेलो. मले काहून काई झालं नाई?"

तेल्हाऱ्यात योगेशची बायको पौर्णिमा सासऱ्यांकडे पाहत म्हणाली, "पिशवीची नळी उन्हानं तडकली होती. मामाजीनं रातून बसून दुसरी लावून देल्ली. लय जीव त्यायचा."

नितेश खाटेवर बसायला गेला तर फवारणीचा पंप आडवा आला. नळीविना पडलेला. त्यानं तो पायानं सारला. रागिणीनं पोलिसांकडून परत आलेली पिशवी मागून घेतली.

आठवड्यानं ती नितेशला घेऊन नत्थुजींच्या अंगणात आली.

"काका, देवानंद पिशवीच्या तोंडानं प्यायला, वाचला. योगेशचे हात हँडलवर, तो दिवसभर नळीनं प्यायला. पाणी चांगलं होतं. मी नळी तपासून घेतली, तर तिच्यात फवारणीचं औषध मुरलेलं निघालं. ती तुमच्या पंपाची आहे."

रागिणीनं एकदा तरी खोटं बोलावं, असं नितेशला वाटलं.

"मी धुतली होती ना, बाई. साबन लावून."

धुतलं की झालं! वऱ्हाडात घरोघरी हेच. औषधाचे डबे धुऊन त्यात ज्वारी भरतात. विकणारा हसून विकतो आणि धोका मुंगीएवढ्या अक्षरात छापतो. मरणाऱ्यानं चष्मा आणावा!

"पोलिसांना सांगावं लागेल, काका. नाहीतर देवानंद आत जाईल."

"सांगा. त्याले सोडा, मले न्या."

"तुम्ही मुद्दाम नाही केलं. तुम्हाला खुनी कोण ठरवणार?"

"मंग शिक्षा मागाले मी कोनाजवळ जाऊ?"

उंबऱ्यात पौर्णिमा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सासऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. ती आत वळली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.