गप्प मूठ

रोजची कानस साफ करायला सेलीनबाईंनी जुना टूथब्रश घेतला. कोरडाच. तिच्यावरच्या हिऱ्याच्या कणांत अडकलेली धातूची पूड झटकायला एवढं पुरतं, असं फाउस्टिन म्हणायचा. नवरा जाऊन वर्ष होत आलं, तरी वसईच्या त्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात अजून त्याचीच रीत चाले.

"मावशी, पाचव्या फ्रेटवर कुरकुरते बघा. अगदी आमच्या ह्यांच्यासारखी," म्हणत ब्लँचने गिटार टेबलावर ठेवली. रविवारी तिला ती चर्चमध्ये वाजवायची होती.

सेलीनबाईंनी तारांखालच्या धातूच्या पट्ट्या बोटाने चाचपल्या. झिजून बुटक्या झालेल्या. आता फार तर एकदाच घासता येणार. "चुकले तर सगळ्या फ्रेट उपटाव्या लागतील गं."

"मग काकांची कानस काढा ना! का चर्चच्या आल्तारावर मांडायचीय?"

फाउस्टिनची ती कानस म्हणजे स्मरणकानस होती. तिच्यावरचे हिऱ्याचे कण कारागिराच्या हाताचा दाब धरून ठेवत. पुढे कुणी जास्त जोर केला, की मूठ थरथरून त्याला आवरत असे. त्या आठवणीची नक्कल मात्र निघत नसे आणि जोराने दाबलं की कण उखडत, आठवणीसकट. म्हणून सेलीनबाई ती अवघड कामालाच बाहेर काढत. दर वेळी मूठ थरथरे आणि दर वेळी त्या पुटपुटत, "कळलं हो, कळलं."

त्यांनी गिटारच्या लाकडावर चिकटपट्टी लावली, माथा जास्त घासला जाऊ नये म्हणून प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची काळी रेघ ओढली आणि फाउस्टिनची कानस फिरवू लागल्या. दोन्ही बाजू गोल होत गेल्या, मधे केसाएवढी रेघ उरली. पहिली फ्रेट झाली, पाचवी झाली, शेवटचीही झाली.

ब्लँचने तारा छेडल्या. कुरकुर नव्हती. "अगदी काकांचा हात, मावशी!"

ती गेल्यावर सेलीनबाईंच्या ध्यानात आलं. आज मूठ एकदाही थरथरली नव्हती.

त्यांचा हात हलका झाला होता, की कणांमधला फाउस्टिन झिजून संपला होता?

त्यांनी शेगड्याच्या लोखंडी पकडीत फ्रेटच्या पट्टीचा टाकाऊ तुकडा घट्ट धरला आणि वर कानस टेकवली. एकदा जोर लावला की कळलं असतं. पण फाउस्टिन अजून त्यात असला, तर त्याच जोराने तो उखडला असता.

मूठ गप्प होती. दाबून पाहावं का?