चष्म्याची खूण

मला वाटलं होतं, लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डच्या त्या चर्च हॉलमध्ये चहा-बिस्किटांच्या निमित्तानं जमणारी निवृत्त मंडळी भेटतील. मंडळी निवृत्तच निघाली, पण वाजवायला लागली ती जीव तोडून.

बुडापेस्टला चार वर्षं व्हायोला, व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, शिकून २००६च्या जानेवारीत मी घरी परतले होते. डोक्यात एकच वेड: आपल्या गावाचं क्वार्टेट, चार तंतुवाद्यांचा संच, असावं, शाळाशाळांतून वाजवणारं. हॉलमधल्या या मंडळींच्या क्वार्टेटमध्ये तिघंच उरले होते. व्हायोला वाजवणारं कुणी मिळालं नाही, तर शनिवारचा कार्यक्रम रद्द आणि क्वार्टेटही बंद.

"ये गं, ऋजुता," दीनानाथकाका चेलोमागून म्हणाले. लहानपणी माझा घसा तपासणारे डॉक्टर तेच. "आता आम्हा म्हाताऱ्यांना सांभाळून घे. ही मार्गारेट, हा कॉलिन, दोघं व्हायोलिनवर. आणि ही तुझी खुर्ची."

चार वाजताच बाहेर अंधारलं होतं. हीटरवर जळणाऱ्या धुळीचा वास, ओल्या कोटांचा वास. समोर लायब्ररीतून आणलेले, जुने, पिवळट कागद. कुणा विसरलेल्या चेक संगीतकाराची १८९०च्या दशकातली रचना. आम्ही बो, म्हणजे गज, तारांवर टेकवले आणि सुरुवात केली.

काय सांगू तुला! त्या संगीतात कुणी कुणासाठी थांबत नाही. व्हायोलिनचं म्हणणं पुरं होण्याआधीच चेलो ते हिसकावून घेतो. सूर आता घरी परतणार असं वाटतं, आणि शेवटच्या क्षणी ते अर्ध्या स्वरानं निसटून भलत्याच दारात उभे राहतात. आणि या सगळ्याच्या मधोमध व्हायोला, गडद, उबदार, सगळ्यांची गुपितं ठाऊक असलेला. माझे कान तापले होते. याचसाठी तर मी परत आले होते!

संथ भागात एक जागा आली. चार मात्रा चौघांनीही गप्प राहायचं. माझ्या कागदावर तिथे पेन्सिलीनं चष्मा काढलेला होता. आम्ही वादक अशी खूण करतो: इथे कागदातून डोकं काढ, वर बघ. पण इथे एक नाही, पाच चष्मे होते. पाच वेगवेगळ्या हातांचे.

मी वर पाहिलं.

तिघांचे बो हवेत थांबलेले. माझाही. आणि माझा व्हायोला वाजतच होता... हनुवटीखाली लाकूड थरथरत होतं. सगळ्यात जाड तार हलताना मला दिसत होती. मग पाचसहा जणांनी एकदम श्वास घ्यावा तसा आवाज झाला. माझ्या पाठीमागून. मागे नुसती भिंत होती.

आम्ही पुढे वाजवलं. इतकं सुंदर मी आयुष्यात वाजवलं नव्हतं.

"काका... त्या चार मात्रांत..."

काका खाली बघून बो सैल करत होते. "कस्तुरीनंही हेच विचारलं होतं."

"कोण कस्तुरी?"

"तुझ्याआधीची. मेडनहेडला असते. बरी आहे... वाजवत नाही." त्यांनी नंबर लिहून दिला. "आधी सांगायला हवं होतं गं. पण तू नाही म्हणाली असतीस तर..."

संध्याकाळी घरून मी फोन लावला.

"काकांनी नंबर दिला ना?" कस्तुरी हसली. "नेहमी नंतरच देतात. वर पाहिलंस?"

"हो."

"मग सकाळी एकटीनं वाजवून बघ. मी त्यानंतर हॉलमध्ये पाऊल ठेवलं नाही." तिनं फोन ठेवला.

सकाळी व्हायोला काढला, बो तारेवर ओढला. तार हलत होती. लाकूड थरथरत होतं. आवाज नव्हता. खाली किटली उकळलेली ऐकू आली, शेजारच्यांची गाडी ऐकू आली. मी पुन्हा ओढला, जोर लावून.

आई दारात आली. "अगं, वाजवणार होतीस ना? नुसती काय बसलीयस?"

माझा बो तेव्हाही तारेवर चालू होता.

घरी आणलेले कागद मी उघडले. चष्मे सहा होते. सहाव्याची डावी काच तिरकी होती, मी काढते तशी. काल माझ्याजवळ पेन्सिल नव्हती.

छाती धडधडत होती, आणि खरं सांगते, ती नुसत्या भीतीनं नव्हे. कस्तुरी परत गेली नाही, म्हणून तिच्या व्हायोलाचा आवाज तिकडेच राहिला. मी ठरवलं, शनिवारी जायचं. आणि त्या चार मात्रांत या वेळी वर बघायचं नाही. मागे बघायचं.