तर्जनीचं भाकीत

दवाखान्याच्या अर्जात ‘अलीकडची जखम’ या रकान्यापुढे रत्नप्रभा गाट यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. हुपरीत पैंजणाच्या कड्या ज्योतीवर जोडणाऱ्या बाईचं बोट रोजच भाजतं. त्याला जखम कोण म्हणतं?

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या फुप्फुसातली कर्करोगाची गाठ काढली होती. आता रक्तात पुन्हा सुट्या पेशी फिरत होत्या. औषधांनी त्या कमी होत, संपत नसत. त्या पुढे कुठे रुजतील हे सांगणारं यंत्र कोल्हापुरात आलं होतं. दवाखान्यात त्याला सगळे ‘वाटाड्या’ म्हणत. रक्तातल्या पेशींची ठेवण आणि अर्जातली माहिती ताडून तो जागा सांगे. बहुतेकांना मेंदू, हाडं, यकृत अशी उत्तरं येत. रत्नप्रभाबाईंपुढे पडदा कोराच राहिला.

“सुटले म्हणायचं,” त्या उठल्या.

“थांबा. बोटाला लिंबू कशाला खोवलंय?” डॉ. तस्नीम मुजावर यांनी विचारलं.

“नखुरडं झालंय. चटका बसला की होतंय. तुमच्यात नाही लावत लिंबू?”

“आमच्यात आधी अर्ज नीट भरतात, काकू.”

डॉक्टरांनी बोट तपासलं. साधं नखुरडंच होतं. रकाना दुरुस्त केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : उजवी तर्जनी, शेवटचं पेर, चार महिन्यांत.

“भाजल्या जागी रक्त धावतं. त्याबरोबर या पेशीही जातात,” डॉक्टर म्हणाल्या. “बोटात क्वचितच होतं असं. पेर आत्ताच काढलं, तर वाचाल.”

“चांगलं पेर काढायचं?”

“आज चांगलं आहे.”

रत्नप्रभाबाईंनी तर्जनी वाकवून पाहिली. कडी याच पेरावर तोलायची. ते गेलं, की चाळीस वर्षांचं काम गेलं.

“आणि पेर नसलं, तर त्या कुठं जातील?”

हे वाटाड्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी पडद्यावरच्या शरीराच्या नकाशातून ते पेर पुसलं. यंत्र बराच वेळ घुमत राहिलं. मग उत्तर आलं : डावा डोळा.

डॉक्टरांनी पडदा लपवला नाही. रत्नप्रभाबाईंनी ते दोन शब्द सावकाश वाचले.

“मग येऊ देत बोटातच. तिथं मला दिसतील तरी,” त्या म्हणाल्या. “पण डॉक्टर, जागा मिळाली म्हणून त्या तिथंच थांबतील का?”